इनास फादरांच्या वाटेवरचा चहा

माझी ॲसिडिटी कशामुळे आहे ते डॉक्टरला सांगून पटत नाही. तो विचारतो, तिखट खाता? जागरण करता? तंबाखू? मी म्हणतो, चहा. किती? इथे मी गप्प बसतो. घरी दीड दिवसाचा गणपती आणणारा मी सावंत, एका कॅथलिक धर्मगुरूंच्या स्मरणार्थ दर रविवारी कामोठे गावात घराघरांतून चहा पीत हिंडत होतो, असं सांगितलं तर तो मला दुसऱ्याच डॉक्टरची चिठ्ठी देईल.

ही सगळी लुसीबाईंची कृपा. लुसी गायकवाड. नवीन पनवेलला आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. आता नाहीत. मूळच्या नगरकडच्या, पण आयुष्य कामोठ्याच्या शाळेत गेलं. लग्न केलं नाही. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडी आणि खाली पोरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात एका दोरीला क्रूस आणि दुसऱ्या दोरीला पीटीची शिट्टी. शिट्टी जास्त वाजायची.

मी बसडेपोत कंट्रोलर होतो. रिटायर झालो आणि गॅलरीत बसून रस्त्यावरची रहदारी बघायला लागलो. एक दिवस बाई जिना चढून वर आल्या, गुडघे धरून उंबऱ्यावरच टेकल्या आणि म्हणाल्या, ''सावंत, तुम्ही जन्मभर माणसं गाडीत कोंबलीत. आता थोडी रांगेत चालवा.''

''कशाला?''

''मी पुढे चालते तेव्हा मागची माणसं वडापावला पळतात. मागे कुणीतरी दणकट आवाजाचा पाहिजे.''

मी म्हटलं, बाई, मी तुमच्या धर्मातला नाही. तर म्हणाल्या, ''शिव्या कुठल्याही धर्मात चालतात. उठा.'' आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, ''जा हो, इथे बसून कावळे मोजण्यापेक्षा बरं!'' झालं. मी शेपूट झालो. बाई इंजिन, मधे माणसं, मागे मी.

आता इनास फादर कोण, ते सांगायला हवं. कागदोपत्री फादर इग्नेशियस, पण सगळ्या पंचक्रोशीत इनास फादर. मी त्यांना दुरून पाहिलेलं. वसईकडचा उंच, वाकलेला माणूस, पायात रबरी चपला. कामोठ्याच्या आजूबाजूला मिठागरं होती तेव्हापासून ते गावात यायचे. मिठात काम करून फाटलेल्या पायांना मलमपट्टी करायचे, पोरांना शिकवायचे. कुणाला ख्रिस्ती हो म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही. गावात ख्रिस्ती घरं तेव्हाही नव्हती, आजही नाहीत. दारात उभं राहायचं, ''येऊ का?'' म्हणायचं, ओटीवर बसायचं, चहा प्यायचा, चौकशी करायची, उठायचं. त्यांचं सगळं धर्मकार्य एवढंच. कुणी म्हटलं, फादर, अजून बसा, तर म्हणायचे, ''देवाला घाई नाही, पण मला शेवटची बस आहे.''

ते गेल्यावर चर्चच्या समितीने पुतळा करायचं ठरवलं. लुसीबाई म्हणाल्या, पुतळा नको, हा माणूस एका जागी उभा कधी राहिला? त्यापेक्षा लोकांना त्यांच्या वाटेने चालवा. वाटेत माहिती मी सांगते. असा तो मार्ग सुरू झाला. रविवारी सकाळची प्रार्थना झाली की बाहेरगावचे भाविक चर्चच्या दारातून व्हॅनमध्ये बसायचे, कामोठ्याच्या नाक्यावर उतरायचे आणि मग गावातून पायी. वसई, पुणे, वांद्रे, कुठून कुठून माणसं यायची. दवाखान्याची खोली दाखवायची, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. मिठागर दाखवायचं, तिथे टॉवर आहे. रात्रीची शाळा भरायची तो पार दाखवायचा, त्याच्यावर रिक्षा लागतात. बाई त्या रिक्षांकडे हात करून असं बोलायच्या की माणसं माना डोलवायची. ऊन, धूळ, क्लासला निघालेल्या पोरांच्या स्कूटरी, आणि मधे बाईंची शिट्टी. मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, कुठून या भानगडीत पडलो.

आणि अजून चहा आलाच नव्हता.

झालं असं, की एका रविवारी बाईंनी पारासमोरच्या एकाच घरी माणसं नेली. फादर तिथे बसायचे ती पायरी दाखवली. त्या घरच्यांनी चहा केला. पुढच्या रविवारी शेजारची म्हातारी कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी. ''काय गं लुशीबाय, फादर आमचे घरा नाय यायचे काय? त्यांचेकडं पयला च्या, मंग आमचा मान कुटं गेला?''

गावदेवीची पालखी निघते तेव्हा कुठल्या दारात आधी थांबायची हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. ओवाळायचा मान कुणाचा, नारळाचा कुणाचा, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आता ही फादरांची पालखीच आली म्हटल्यावर मान कोण सोडतो? बाईंनी डोक्याला हात लावला आणि पालखीचाच क्रम आमच्या वाटेला लावला. प्रत्येक दारात थांबायचं, प्रत्येक दारात चहा. एका घरी तर सुनेने पुण्याहून आलेल्या कॅथलिक बाईच्या पायांवर पाणी घालून तिला ओवाळलं. ती बिचारी घाबरून इंग्रजीत काहीतरी पुटपुटायला लागली. दुसऱ्या घरी फादरांच्या पायरीवर नारळ फोडला. समितीतल्या एका गृहस्थांचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, ''खोबरं गोड आहे, खा,'' आणि शिट्टी मारून पुढे निघाल्या.

पण बाईंना डायबेटिस. आणि तिथला चहा म्हणजे साखरेचा पाक. नाही म्हणायची सोय नाही, कारण फादरांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. मग बाईंनी युक्ती काढली. कप घ्यायच्या, बशीत ओतायच्या, एक घोट घ्यायच्या, ''वा! आलं घातलंय वाटतं'' म्हणायच्या आणि न बघता हात मागे करायच्या. मागे कोण? मी. माझा स्वतःचा कप असायचाच, वर बाईंची बशी. ''सावंत, टाकायचा नाही हं, लोकांचा मान आहे.'' पहिल्या आळीतच माझ्या पोटात आग पडायची. घरी गेलो की जेवण नको, काही नको. आमची ही म्हणायची, ''पेन्शनवर जगता की चहावर?''

बाई गोड बोलणाऱ्या नव्हत्याच. वांद्र्याच्या एका बाईने पर्समधून पेन काढून विचारलं, ''फादरांनी काही चमत्कार केल्याची नोंद आहे का?'' बाई म्हणाल्या, ''आहे ना. एवढा चहा पिऊन त्यांना कधी ॲसिडिटी झाली नाही. या सावंतांना विचारा हे किती अवघड आहे.'' ती लिहून घ्यायला लागली. फादरांच्या नावापुढे संत कधी लागणार, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, ''संत नंतर, आधी चहा.'' फादर कॅरममध्ये लबाडी करायचे हेही त्या सगळ्यांना सांगायच्या. समितीला ते खपत नव्हतं. बाईंना समिती खपत नव्हती.

आता मुद्द्याचं. वाटेच्या अगदी शेवटी, नव्या इमारतींच्या भिंतीला टेकलेलं एक जुनं कौलारू घर होतं. दार बंद. प्रत्येक रविवारी बाई त्या दारासमोर थांबायच्या. शिट्टी नाही, माहिती नाही. लोकांना एवढंच म्हणायच्या, ''इथे फादर थांबायचे. आपणही थांबायचं.'' मग दाराजवळ जाऊन फादरांसारखंच विचारायच्या, ''येऊ का?''

आतून काही नाही. कधी भांड्याचा आवाज यायचा, म्हणजे माणूस आहे हे कळायचं. बाई थोडा वेळ उभ्या राहायच्या. मग म्हणायच्या, ''बरं, पुढच्या वेळी,'' आणि वळायच्या. वळल्यावर त्यांचा चेहरा असा ओढलेला दिसायचा की मला काही विचारवत नसे. लोक कुरकुरायचे. एकदा वसईच्या एका काकांनी सरळ विचारलं, ''बंद दार बघायला एवढं चालवलंत होय?'' बाईंनी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हा बाईंचा स्वभाव नव्हे.

एका रविवारी माणसं व्हॅनमध्ये बसवून दिली आणि आम्ही दोघं नाक्यावरच्या बाकावर टेकलो. बाईंनी बूट काढले. पाय सुजून लाल झालेले. मी म्हटलं, ''बाई, ते शेवटचं घर सोडा आता. कशाला चार पावलं जास्त?''

''त्या घरासाठीच तर हे सगळं काढलं, सावंत,'' बाई म्हणाल्या. ''बाकी सगळं येता-जाता.''

मग त्यांनी सांगितलं. ते घर भागाबायचं. तिची मुलगी यमी, बाईंच्या वर्गातली. हुशार, पण घरच्यांनी लग्न ठरवलं. पोरगी रडत बाईंकडे आली. बाईंनी तिला एका पहाटे उठवून परगावच्या नर्सिंगच्या शाळेत नेऊन घातलं. आईला विचारलं नाही, फादरांना सांगितलं नाही. संध्याकाळी सगळा गाव चर्चच्या फाटकावर. बाई फादरांच्या मागे उभ्या. गावातच भाड्याची खोली, गावातलीच नोकरी, तरुण एकटी बाई. कळलं असतं तर संपलंच होतं. फादरांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, ''मी पाठवली.''

''मी तेव्हा बोलायला हवं होतं,'' बाई म्हणाल्या. ''नाही बोलले. उद्या बोलू, परवा बोलू. यमी पुढे आखातात गेली. मधे तिचा बाप गेला. तोंडात पाणी घालायला पोर नव्हती. भागाबायने फादरांना दारातून काय काय शिव्या घातल्या म्हणून सांगू! तरी हा माणूस दर आठवड्याला तिथे जाणार, 'येऊ का?' विचारणार, ऐकून घेणार, 'बरं, पुढच्या वेळी' म्हणणार. मी त्यांच्या मागे उभी, पिशवी धरून. किती वेळा म्हटलं, फादर, मी सांगते. तर म्हणायचे, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, माझ्यासाठी नको सांगूस. आणि मरून गेले.''

''आणि ती पोर? आईशी बोलते का?''

''बोलते की. यमीचा भाऊ मोबाइल धरतो, मायलेकी तोंड बघून बोलतात. पोरीला माफ केलं हो तिने. फादरांना नाही केलं.'' बाईंनी बुटांच्या नाड्या बोटाला गुंडाळल्या. ''ती दार उघडेल, तिच्या तोंडावर सांगेन, असं म्हणत म्हणत इतक्या रविवारी गेले. ती उघडत नाही. खरं सांगू? नाही उघडत तेच मला बरं वाटतं. दमले मी, सावंत. पाय दमले म्हणत नाही, मीच दमले.''

मी त्यांना बूट घालायला मदत केली आणि रिक्षा थांबवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवे फादर रोशन आले. तरुण, हसतमुख, वाईट माणूस नव्हे. पण त्यांना सगळं आटोपशीर हवं. त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. सोबत मीही गेलो.

''टीचर, तुमचं काम ग्रेट आहे,'' ते म्हणाले. ''पण लोकांना लवकर परतायचं असतं. आता आपण ऑडिओ करतोय. प्रत्येक स्टॉपवर बोर्ड, मोबाइलवर ऐकायचं. तुमच्या पायांनाही आराम. फक्त ते लास्ट घर काढून टाकू, तिथे सांगण्यासारखं काही नाही ना?''

मी म्हटलं, ''फादर, मोबाइल चहा पिणार का?''

ते हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ''कधीपासून?''

''पुढच्या महिन्यापासून. हा रविवार तुम्ही करा. मीसुद्धा येतो.''

बाहेर आल्यावर बाई फाटकाला धरून उभ्या राहिल्या. याच फाटकावर तो गाव जमला होता. मी म्हटलं, मार्ग बंद झाला तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता तिच्याकडे. बाईंनी मान हलवली. ''एकटी जाऊन सांगितलं तर ते तिच्या कानात सांगितल्यासारखं. फादर चारचौघांत 'मी' म्हणाले होते. मला चारचौघांतच सांगायला हवं.''

तो रविवार. ऊन मी म्हणत होतं. दारोदार चहा झाला. बाई घोट घेत होत्या, बशी मागे येत होती, पण आलं घातलंय वाटतं, हे त्या म्हणत नव्हत्या. फादर रोशन घड्याळ बघत होते, तेवढ्यात त्यांनाही कुणीतरी ओवाळलं. शेवटच्या आळीत वळलो तेव्हा मंडळी पाय ओढत होती. कुणी टोपीने वारा घेत होतं, कुणी भिंतीच्या सावलीला टेकलं होतं.

बाई दाराजवळ गेल्या. ''येऊ का?''

आतून काही नाही.

नेहमी इथे 'बरं, पुढच्या वेळी' यायचं. मी वळायच्या तयारीत होतो. बाई वळल्या नाहीत. त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला आणि वर्गात बोलायच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, ''भागाबाय, मी लुसी. यमीला मी नेली. फादरांनी नाही. त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. मी भ्याले, आणि ते माझ्यासाठी खोटं बोलले. तू ज्या शिव्या घातल्यास त्या माझ्या होत्या.''

शेजारच्या ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. फादर रोशननी घड्याळावरचा हात काढला.

कडी वाजली. दार उघडलं. आत एक वाळलेली म्हातारी, गुडघ्यापर्यंत लुगडं, डोळे लाल. तिने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

''मना ठाव हाय,'' ती म्हणाली.

बाईंचा हात चौकटीवरून खाली आला.

''फादर मेला तवा यमी फोनवर रडली. तवाच सांगितला तिनं सगला. मंग तू दर ऐतवारी माणसांचा तांडा घेऊन येतेस, 'येऊ का' म्हनतेस. मी आत बसून ऐकते. म्हनलं, आज बोलेल. आज बोलेल. मेल्या मानसाचे डोक्यावर किती दिस ठेवनार व्हतीस गं?''

''चुकलं माझं,'' बाई म्हणाल्या.

''चुकला नाय तर काय! मना न इचारता माजी पोर नेलीस.'' म्हातारीचा आवाज चढला आणि मधेच बसला. ''अन् मी त्या म्हाताऱ्याला काय काय बोलले. दारात हुबा रवायचा उन्हात. येक कप च्या नाय दिला मी त्याला. येक कप! मना तरी तोंड व्हता काय दार उघडाया?''

दोघी तशाच उभ्या. रडल्या वगैरे नाहीत, रडायलाही जोर लागतो. मग भागाबाय आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. बाई पायरीवर बसल्या. कुणी हललं नाही. व्हॅनवाल्याचा फोन येत होता, फादर रोशननी तो बंद केला आणि तेही खाली धुळीत बसले.

भागाबाय कप घेऊन आली. काठोकाठ भरलेला. बशी नव्हती. तिने तो बाईंच्या हातात दिला.

''ह्यो त्याचा हाय. सगला पी.''

मी सवयीने पुढे सरकलो आणि हात पुढे केला. बाईंना साखर चालत नाही, ते मलाच सांभाळायचं होतं. ''बाई...'' मी म्हटलं.

त्यांनी मागे पाहिलं नाही. दोन्ही हातांत कप धरला, फुंकर घातली आणि सावकाश, एकेक घोट करत, तो सगळा चहा प्यायल्या. शेवटी तळाची साखरसुद्धा कप हलवून प्यायल्या. भागाबाय चौकटीला टेकून बघत होती. मी हात तसाच पुढे धरून उभा होतो, आणि त्या दिवशी तो रिकामाच राहिला.